मालकी सोडली, पण काम सोडलं नाही



"सर, भांडवल संपत आलंय. आता बंद करू का?" हा प्रश्न तुमच्यापैकी बरेच जण विचारतात. उत्तराआधी एका गावाची गोष्ट ऐका.

दक्षिण ब्राझीलमध्ये सांता कातारिना राज्यात ब्लुमेनाउ नावाचं शहर आहे. हर्मान ब्लुमेनाउ या जर्मन गृहस्थांनी ते वसवलं. शिक्षणाने ते औषधशास्त्रातले. १८५० मध्ये पहिले १७ जर्मन लोक इताजाई नदीकाठच्या जंगलात उतरले. जमिनीचे तुकडे पाडायचे आणि नव्याने येणाऱ्यांना विकायचे, असं साधं गणित होतं.

पण खर्च आधी आणि वसुली नंतर! जंगलतोड, रस्ते, माणसं आणणं, सगळ्याला पैसा आजच लागतो. शेवटी १८६० मध्ये त्यांनी वसाहत ब्राझीलच्या सरकारकडे सोपवली. मालकी गेली. पण ते घरी बसले नाहीत, त्याच वसाहतीचे संचालक म्हणून पुढे कितीतरी वर्षं राबले. मालकीपेक्षा गाव टिकणं त्यांनी मोठं मानलं.

गाव टिकलं म्हणून पुढची गोष्ट घडली. विणकरांच्या घरातले हर्मान हेरिंग जर्मनीहून तिथे आले. एक गोल विणकाम यंत्र आणि पेटीभर सूत, एवढ्यावर सुरुवात. १८८० मध्ये भाऊ ब्रुनोसोबत कंपनी उभी राहिली. हेरिंग म्हणजे एक मासा, म्हणून कंपनीचं चिन्ह दोन मासे, म्हणजे दोघे भाऊ. आज हा ब्राझीलमधला ओळखीचा कपड्यांचा ब्रँड आहे.

ज्या नदीने गाव वसवलं, तिनेच ते बुडवलंही. १९८३ आणि १९८४ असे लागोपाठ दोन मोठे पूर आले. त्याच १९८४ च्या ऑक्टोबरमध्ये गावाने पहिला ऑक्टोबरफेस्ट भरवला. पूर्वजांची गाणी, नाच, जेवण हेच भांडवल केलं. आज त्यासाठी देशभरातून लोक तिथे येतात.

आता तुमचा प्रश्न. बंद करण्याआधी वहीत तीन ओळी लिहा:

१. पैसा आधी किती जातो आणि किती दिवसांनी परत येतो?
२. भागीदार घेऊन किंवा हिस्सा देऊन धंदा वाचतो का?
३. पैसा सोडून माझ्याकडे काय आहे? कला, चव, ओळखी?

दुसऱ्या ओळीवर हात अडखळेल. माझाही अडखळला होता. तरीही लिहा. पाटीवर नाव कुणाचं हे नंतर ठरवता येतं, आधी शटर उघडं राहू द्या.