अडीच हजारांचे कुंपण
केंद्र आणि राज्ये : लेखांक ६

महाराष्ट्रातल्या नोकरदाराने आपली सॅलरी स्लिप नीट वाचली, तर त्यात एक गंमत सापडते. प्रोफेशन टॅक्स दरमहा २०० रुपये, फेब्रुवारीत मात्र ३००. वर्षाची बेरीज बरोबर २५००. ती तिथेच का थांबते, याचे उत्तर थेट राज्यघटनेत आहे. व्यवसाय कर एका माणसाकडून वर्षाला अडीच हजारांहून जास्त घेता येणार नाही, असे कलम २७६ सांगते. आधी ही मर्यादा २५० होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती वाढवली. त्यानंतर पगार कुठल्या कुठे गेले, हा आकडा जागचा हलला नाही. नरिमन पॉइंटवरच्या कंपनीचा संचालक आणि महिना तीस हजारांवरचा कारकून, दोघांकडून राज्य तेवढेच घेते. महाराष्ट्राने १९७५ मध्ये हा कर आणला तो रोजगार हमीचा खर्च भागवण्यासाठी. शहरातल्या पगारातून दुष्काळी तालुक्यातल्या मजुरीची सोय. कर आकारण्याची इतकी सरळ कारणे फार थोडी सापडतात.

आता त्याच स्लिपवरची प्राप्तिकराची ओळ पाहा. त्यात ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आहे. उत्पन्न ५० लाखांच्या वर गेले की अधिभारही लागतो. या दोन्हींना घटनेने ना रकमेची मर्यादा घातली आहे, ना मुदतीची. शिवाय यांतला एक रुपयाही राज्यांशी वाटून घ्यावा लागत नाही.

केंद्रीय करांतले ४१ टक्के राज्यांना मिळतात, हे आपण मागच्या लेखांकात पाहिले. प्रश्न आहे, ४१ टक्के कशाचे? २००० पर्यंत राज्यांना मुख्यतः प्राप्तिकर आणि उत्पादन शुल्क या दोनच करांत वाटा होता. कंपन्यांवरचा कर आणि सीमाशुल्क केंद्राकडेच राहत. ऐंशीव्या घटनादुरुस्तीने जवळजवळ सगळे केंद्रीय कर वाटपात आणले. राज्यांसाठी ही मोठी कमाई होती. पण त्याच दुरुस्तीने उपकर आणि अधिभार वाटपाबाहेर असल्याचे कलम २७० मध्ये लिहून ठेवले. वित्त आयोग वाट्याची टक्केवारी वाढवू शकतो, ही तरतूद ओलांडू शकत नाही. चौदाव्या आयोगाने राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला, आणि वाटपाबाहेरची रक्कमही फुगत गेली. २०११-१२ मध्ये केंद्राच्या एकूण करमहसुलात उपकर-अधिभारांचा हिस्सा सुमारे १० टक्के होता, २०२०-२१ मध्ये तो २० च्या आसपास पोहोचला.

यातली कारागिरी पेट्रोलवर सर्वांत स्पष्ट दिसते. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात पेट्रोलवर लिटरमागे अडीच रुपयांचा कृषी पायाभूत सुविधा उपकर आला. पंपावरचा भाव वाढला नाही, कारण तेवढ्याच बेताने जुने शुल्क कमी केले होते. मूळ उत्पादन शुल्क, म्हणजे राज्यांशी वाटून घ्यायचा भाग, २.९८ रुपयांवरून १.४० वर आला. केंद्र तेव्हा लिटरमागे एकूण ३२.९० रुपये घेत होते. १.४० चे ४१ टक्के म्हणजे सत्तावन्न पैसे, तेही सगळ्या राज्यांना मिळून. पंधराव्या आयोगाच्या सूत्राने महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के; म्हणजे साडेतीन पैशांहून जरासे अधिक. ग्राहकाला काही कळायचे कारणच नव्हते.

राज्यांसाठी फार हळहळायला नको. पेट्रोलवर ती स्वतःचा व्हॅट लावतात आणि तो सत्तावन्न पैशांच्या कितीतरी पट असतो. शिवाय नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवर मिळून १३ रुपये कमी केले ते रस्ते उपकरातून, त्यामुळे ती झळ केंद्रानेच सोसली. उपकराच्या पैशातून होणारे महामार्ग आणि शाळा राज्यांतच होतात, हेही खरे. मात्र हक्काचा वाटा राज्य आपल्या मर्जीने खर्च करते. योजनेतून आलेल्या रुपयाबरोबर अटी येतात आणि बहुतेकदा त्यात राज्याला स्वतःची भर घालावी लागते. माझ्या मते खरा तोटा इथे आहे, रकमेपेक्षा निर्णयाचा.

उपकर ज्या कामासाठी, त्याच कामाला लागतो का? कॅगने २०१८-१९ चा हिशेब तपासला, तेव्हा गोळा झालेल्या सुमारे २ लाख ७४ हजार कोटींपैकी १ लाख ६४ हजार कोटीच संबंधित निधींत जमा झालेले आढळले.

उपकरांना मर्यादा घालावी किंवा ठरावीक काळाने ते वाटपात आणावेत, अशी राज्यांची मागणी जुनी आहे. त्यासाठी घटना बदलावी लागेल. ते विधेयक विधानसभेत मांडता येत नाही, संसदेतच मांडावे लागते, आणि तिथे मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश खासदार बाजूने लागतात. २००४ मध्ये शिक्षण उपकर आला तेव्हा दिल्लीत काँग्रेसप्रणीत आघाडी होती, २०२१ चा कृषी उपकर भाजप सरकारचा. विरोधी बाकांवर असताना दोघांनाही राज्यांचे म्हणणे पटते.

(पुढील आठवड्यात : राज्यपालांकडे थांबलेली विधेयके)