आजीचे बेथेल

आजी लग्न होऊन नांदेडला आली, पण "आमच्या बेथेलात" हे शब्द तिच्या तोंडून शेवटपर्यंत गेले नाहीत. माती तिथेच द्या, एवढेच तिचे मागणे. आम्ही दिली. तेव्हापासून दर ईस्टरला चुन्याची पुडी आणि झेंडूची फुले घेऊन मी जालन्याची गाडी धरते.

जालन्याजवळचे बेथेल हे मिशनने वसवलेले गाव. वसवणारा माणूस मात्र गोरा साहेब नव्हता. नारायण शेषाद्री जन्माने ब्राह्मण. १८४३ मध्ये मुंबईत रॉबर्ट नेस्बिट यांच्याकडे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यामागून मिशनऱ्यांकडे गेलेला धाकटा भाऊ श्रीपत कोर्टाच्या हुकुमाने घरी परतला आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी केवढी खटपट केली! ते प्रकरण बाळशास्त्रींच्या चरित्रात हमखास भेटते. थोरल्याचे पुढे काय झाले, ते सहसा कोणी लिहीत नाही. ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक झाले, निजामाच्या मुलखात आले आणि मांगवाड्यांत राबले. दिवाण सालारजंगांनी जमीन दिली, त्यावर हे गाव उभे राहिले. बेथेल म्हणजे हिब्रूत देवाचे घर.

इथली मंडळी मूळची प्रेस्बिटेरियन. शब्द जिभेला जड, अर्थ साधा. प्रेस्बिटर म्हणजे वडील. बिशप नाही, मंडळीने निवडलेले वडील आणि पाळक मिळून कारभार पाहतात. ज्यांना चावडीची पायरी चढू देत नसत, त्यांना आपले वडील निवडायचा हक्क! मला ही गोष्ट बाप्तिस्म्याइतकीच मोठी वाटते. पुढे १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, इथली मंडळी त्यात गेली आणि बिशपही आले. आजीला ते जरा खटकलेच.

लहानपणी ती मला दफनभूमीत न्यायची, एकेका दगडावरचे नाव मोठ्याने वाचायला लावायची. "ह्यो माझा आजा. त्याच्या बापाची माती कुठं हाय, कुणाला ठावं?" गावकुसाबाहेर जगलेल्याच्या नावाचा दगड कोण बसवणार? मराठवाड्यात आजही कित्येक दलित वस्त्यांना स्मशानाच्या जागेसाठी भांडावे लागते. आजीच्या कबरीवर साधी शहाबादी फरशी आहे. तिच्यावर नाव आणि दोन तारखा. दरवर्षी मी ते मोठ्याने वाचते.

शेषाद्रींची कबर मात्र इथे शोधू नका. १८९१ मध्ये परदेशाहून परतताना बोटीवरच ते वारले.