यंत्राच्या गळ्यातला गहिवर

तार छेडायची नाही, फुंकर घालायची नाही, चामड्यावर थापही मारायची नाही. केवळ विजेच्या प्रवाहातून सूर निर्माण करायचा. अशा सुरात भावना कोठून येणार, ही शंका सिंथेसायझरच्या जन्मापासूनच त्याच्या पाठीस लागली. प्रत्यक्षात मात्र त्या आरंभीच्या काळातील संगीत आजही श्रोत्याला हळवे करते. याची कारणे बरीचशी त्या वाद्याच्या घडणीतच सापडतात.

अमेरिकी अभियंते रॉबर्ट मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सहकार्याने १९६४मध्ये आपल्या सिंथेसायझरचा पहिला नमुना तयार केला. या प्रकारच्या वाद्यात ऑसिलेटर मूळ ध्वनी निर्माण करतो आणि फिल्टर त्यातील तीव्र स्वरांश गाळून त्याला रूप देतो. मानवी कंठाचे कार्यही असेच चालते. स्वरयंत्रातून निघालेल्या ध्वनीला घसा, जीभ आणि ओठ आकार देतात. त्यामुळे फिल्टर हळूहळू उघडला, की मिटलेले ओठ विलग करून कोणी बोलू पाहत आहे, असा भास होतो.

दुसरे कारण म्हणजे या वाद्यांतील दोष. तापमान बदलले की ऑसिलेटरचा सूर सरकत असे. एक ऑसिलेटर सेकंदाला ४४० कंपने आणि दुसरा ४४१ कंपने देत असेल, तर एकत्रित ध्वनी दर सेकंदाला एकदा चढतो आणि उतरतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारांमध्ये किंचित फरक राहिला, तर असेच आंदोलन ऐकू येते. या हेलकाव्यामुळे सूर सजीव वाटतो.

त्यात कलावंतांच्या परिश्रमांचीही भर पडली. मूग यांच्या त्या वाद्यावर एका वेळी एकच स्वर वाजत असे. त्यामुळे वेंडी कार्लोस यांनी बाखच्या रचनांतील प्रत्येक स्वरपंक्ती स्वतंत्रपणे वाजवून आठ ट्रॅकच्या टेपवर ध्वनिमुद्रित केली. १९६८मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्विच्ड-ऑन बाख’ला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. पुढे यामाहाच्या ‘सीएस-८०’मध्ये प्रत्येक पट्टीवरील बोटाचा दाब स्वतंत्रपणे टिपण्याची सोय झाली. ग्रीक संगीतकार वँजेलिस यांनी १९८२च्या ‘ब्लेड रनर’मध्ये त्याच वाद्यातून कृत्रिम मानवांच्या एकाकीपणाला स्वर दिला.

एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची या वाद्यांची क्षमता भारतीय संगीताला विशेष जवळची होती, कारण मींडेशिवाय राग खुलत नाही. मुंबईत हिंदी चित्रपटांसाठी वादन करणारे चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीच्या वाद्यांवर दहा राग डिस्को ठेक्यात बांधले. त्यांची ही ध्वनिमुद्रिका १९८२मध्ये निघाली. तेव्हा तिची फारशी दखल घेतली गेली नाही. २०१०मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाल्यावर मात्र जगभरच्या रसिकांनी तिच्याकडे कुतूहलाने कान दिले. सिंग यांचे निधन २०१५मध्ये झाले.

१९८३मध्ये यामाहाचे ‘डीएक्स-७’ हे डिजिटल वाद्य आले. त्याचा सूर ढळत नसे. आता संगणकावर चालणाऱ्या अनेक सिंथेसायझरांमध्ये तो जुना अस्थिरपणा आणण्यासाठी खास सोय केलेली आढळते. ज्या दोषाला तंत्रज्ञ पूर्वी वैतागले होते, तोच कानाला हवाहवासा वाटू लागला आहे.