वैद्यकीय प्रवेश आणि स्थानिक रहिवाशांचा अग्रहक्क

शासकीय वैद्यकीय व दंतवैद्यकीय महाविद्यालयांतील जागा मर्यादित असून त्यांच्या खर्चाचा मोठा भार राज्याच्या तिजोरीवर पडतो. तेव्हा त्या जागांवर प्रथम हक्क त्या राज्याच्या रहिवाशांचा मानावा काय, हा प्रश्न वरवर शासनव्यवहाराचा दिसला, तरी मुळात तो समतेच्या तत्त्वाचा आहे.

संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदाने जन्मस्थानावरून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. वास्तव्याचा त्यात उल्लेख नाही. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयासंबंधीच्या जोशी खटल्यात (१९५५) हाच भेद निर्णायक ठरला. मध्यभारताबाहेरील विद्यार्थ्यांवरील कॅपिटेशन शुल्क सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने वैध ठरविले. राज्याच्या पैशाने शिकलेला रहिवासी पुढे तेथेच व्यवसाय करील, ही अपेक्षा न्यायालयास वाजवी वाटली.

तथापि, ही अपेक्षा कोठवर ताणावी? राजेंद्रन खटल्यात (१९६८) मद्रास राज्यातील जिल्हावार जागावाटप रद्द झाले. कारण अधिक गुणवान विद्यार्थी निवडण्याच्या हेतूशी जिल्ह्याच्या सीमेचा संबंध दाखविता आला नाही. प्रदीप जैन खटल्यात (१९८४) न्यायालयाने भारतात अधिवास एकच, राज्यागणिक निराळा नव्हे, असे स्पष्ट केले. मात्र प्रदेशांची विषम स्थिती ध्यानी घेऊन पदवीपूर्व प्रवेशात सुमारे ७० टक्क्यांपर्यंत स्थानिक आरक्षणास मुभा दिली. पदव्युत्तर प्रवेशात केवळ वास्तव्यावर आधारलेले आरक्षण अमान्य केले. त्याच संस्थेत पदवी घेतलेल्यांस मर्यादित प्राधान्य तेवढे राखले. दंतवैद्यकासही हेच तत्त्व लागू केले. चंडीगडसंबंधीच्या २०२५ च्या निर्णयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाविषयीचे हे तत्त्व पुनश्च दृढ केले.

महाराष्ट्रात हा वाद राज्याच्या अंतर्भागातही उमटला. विभागीय विद्यार्थ्यांस ७० टक्के व इतर विभागांस ३० टक्के जागा देणारे सूत्र २०२० मध्ये रद्द झाले. महाविद्यालये सर्व विभागांत सारख्या प्रमाणात नसल्याने मराठवाड्यातील विद्यार्थ्यांची या सूत्राविरुद्ध तक्रार होती. म्हणजे मागासलेल्या प्रदेशाच्या संरक्षणार्थ योजिलेले साधन त्या प्रदेशासच जाचक होऊ शकते.

सारांश, अग्रहक्काचे समर्थन दोन गृहीतांवर उभे आहे: स्थानिक विद्यार्थ्यास संधी अपुरी मिळते, आणि तो शिकून स्थानिक जनतेची सेवा करतो. पहिल्याचा पडताळा शाळांच्या स्थितीवरून घेता येईल. दुसऱ्याचा पडताळा रहिवासाच्या दाखल्यावरून मिळत नाही. त्यासाठी पदवीधर प्रत्यक्षात कोठे स्थायिक होतात, हेच पाहिले पाहिजे. अभ्यासकांनी आपले लक्ष तिकडे वळविणे अगत्याचे आहे.