पेनात कोणती निळी शाई भरावी?

आमच्या सुरगाण्याला पाऊस फार. मागच्या श्रावणात दप्तर भिजले नि माझी सगळी गणिते निळ्या पाण्यात वाहून गेली! दौतीवर ‘वॉशेबल’ लिहिले होते, म्हणजे धुऊन जाणारी. ती सदऱ्यावर सांडली तर बरी, पण वहीला ‘पर्मनंट’च घ्यावी.

गुरुजी म्हणाले, नुसत्या नावावर जाऊ नको, पारख कर. कागदावर रेघ ओढायची, वाळू द्यायची, वर पाण्याचा थेंब सोडायचा. थोडी फिकटली तरी चालेल, दिसली पाहिजे.

कॅमलिनच्या दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड नि गोळ्या करून धंदा मांडला. पूड नीट विरघळली नाही की गाळ निबेत अडकतो, म्हणून मी तयार शाईच घेतो. चित्रकलेची वॉटरप्रूफ शाई मात्र पेनात मुळीच घालू नका, आत वाळली की पेन तुंबते. पर्मनंटसुद्धा सुकते, मी दर रविवारी निब साध्या पाण्यात बुडवून ठेवतो.