जवारी: मिरजेच्या कारागिराची आणि घरची

तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तिच्या पाठीला अगदी हलका उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर टेकत, सुटत कंप पावते आणि मूळ स्वरासोबत त्याचे वरचे अंशस्वर उमटून रेंगाळतात. खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो तो यामुळेच. हा उतार जमवण्याचे काम म्हणजे जवारी. एरवी, ज्या बिंदूवर तार छेडली तिथे ज्या अंशस्वराचा स्थिर बिंदू येतो तो अंशस्वर उमटत नाही. तंबोऱ्यात आणि वीणेत मात्र तोही जोरात उमटतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२१ च्या शोधनिबंधात दाखवले.

जवारी कायमची राहत नाही. तारेच्या सततच्या घर्षणाने घोडीवर बारीक चर पडतात, तार त्यात रुतते आणि आवाज बसका होतो. सतारीत मींडेसाठी तार आडवी ओढली जाते, त्यामुळे तिची जवारी लवकर उतरते. तंबोऱ्याच्या तारा नुसत्या छेडल्या जात असल्याने त्याची जवारी बरीच टिकते. घोडी कशाची आहे यावरही हे अवलंबून असते. सांबरशिंगाचा वापर कायद्याने थांबला. आता उंटाचे हाड, शिसवी लाकूड किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात.

आवाज बसला की वादकापुढे दोन वाटा असतात: वाद्य कारागिराकडे न्यायचे, किंवा घरीच काही करून पाहायचे. पहिली वाट सांगली जिल्ह्यातल्या मिरजेकडे जाते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब शिकलगार यांनी तिथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. तलवारी आणि हत्यारांना धार लावणारे हे घराणे. पोलादावर बसलेला हात लाकूड आणि भोपळ्याकडे वळला आणि पुढच्या पिढ्या सतारमेकर म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

कारागीर आधी वाद्य छेडून ऐकतो. मग तारा सैल करून बाजूला सारतो आणि घोडीच्या पाठीवरून बारीक कानस फिरवतो. एकदोन हात मारले की पांढरी पूड पुसायची, तार जागेवर आणून स्वरात चढवायची, पुन्हा ऐकायचे. कुठे तार करकरते, कुठे आवाज लवकर विझतो, त्यावरून पुढचा हात ठरतो. पितळी खर्ज जाड, जोडीच्या पोलादी तारा बारीक. म्हणून प्रत्येक तारेखालची जागा वेगळी घासावी लागते आणि तरी चारही तारांचा नाद एकजिनसी यावा लागतो. एका तारेची जवारी उत्तम निघणे पुरेसे नाही, आणि खरे कसब इथेच लागते. जवारी खुली हवी की बंद, हेही कारागीर गाणाऱ्याला विचारून घेतो. खुल्या जवारीत आवाज झणकारतो, बंद जवारीत तो गोल आणि आटोपशीर राहतो.

घरी करण्यासारखे काम सुताचे. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोऱ्याचा तुकडा सरकवतात. तो केसभर पुढेमागे केला की तार कुठे टेकते ते बदलते आणि योग्य जागी आवाज एकदम उघडतो. हे गाणाऱ्याला आलेच पाहिजे, कारण हवेतला ओलावा किंवा तारेचा ताण बदलला की ती जागाही बदलते. गंजलेली तार बदलणे, मणी सरकवून बारीक स्वर मिळवणे, घोडीवरची धूळ पुसणे हीदेखील वादकाचीच कामे. कानस मात्र वेगळी गोष्ट आहे. घोडीचा घासलेला भाग परत येत नाही, आणि घाईने फिरवलेल्या पॉलिशपेपरने उतारच सपाट झाला तर कारागिराला सगळी पाठ नव्याने उतरवावी लागते. वारंवार घासल्याने घोडी खाली बसत जाते आणि अखेर बदलावीच लागते. म्हणून सूत हलवून भागते का हे पाहिल्याशिवाय कानशीला हात लावू नये.

कान आणि हात दोन्ही तयार असलेला गायक स्वतः जवारी काढू शकतो, हे मिरजेतच दिसले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले होते. वाद्ये दुरुस्त करण्यात आणि जवारी काढण्यात ते वाकबगार होते. सांगलीचे संगीताभ्यासक कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्या श्रुतींवरील प्रयोगांना त्यांच्या गळ्याची साथ होती. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले; त्यांचे दफन मिरजेत झाले. सुरांच्या इतक्या बारीक पारखीमागे तंबोरा मनासारखा बोलेपर्यंत न थांबण्याची सवय होती, असे मानायला जागा आहे. पण कान आणि हात यांची अशी जोड सगळ्यांना साधत नाही. परदेशातल्या ज्या गायकांना जवळपास कारागीर मिळत नाही, त्यांनी आधी जुन्या, टाकाऊ घोडीवर हात बसवून घेणे शहाणपणाचे.

वाद्य मिरजेला न्यायचे किंवा पाठवायचे तर गाण्याची पट्टी सांगणे आवश्यक असते. काळी एकला काढलेली जवारी काळी चारला तशीच बोलत नाही, कारण ताण वाढला की तारेचा घोडीवरचा दाबही वाढतो. नेहमी वापरात असलेल्या जाडीच्याच तारा चढवून वाद्य द्यावे. नंतर वेगळ्या जाडीची तार चढवली, तर त्या तारेखालची जवारी पुन्हा पाहावी लागते.