तात्या विंचू पुन्हा पाहताना

गेल्या सुट्टीत सुर्ल्याला घरी गेलो असता भाच्यांनी 'झपाटलेला' लावला, आणि तोही एच.डी. प्रतीत. महेश कोठारे यांचा १९९३ सालचा हा चित्रपट मी प्रथम पाहिला तो याच घरात, भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर. मंत्राच्या बळावर मेलेल्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरतो, ही त्याची कथा सर्वांना ठाऊक आहेच. त्या रात्री ताईची बाहुली माळ्यावर टाकल्याशिवाय मला झोप आली नव्हती.

या वेळी भीती वाटली नाही. याला कारण केवळ वय नव्हे. कॅसेटवर चित्राचा तपशील जेमतेम २४० रेषांइतका उतरे. त्यात आमच्याकडची खाणीची लाल धूळ यंत्रात बसलेली. एच.डी. चित्रात १९२० गुणिले १०८० म्हणजे सुमारे २० लाख ठिपके असतात. हा तपशील नवा निर्माण केलेला नसतो. ३५ मि.मी. फिल्मवर तो चित्रीकरणाच्या दिवसापासूनच असतो; एकेक चौकट स्कॅन करून उतरवून घ्यायचा, इतकेच. कॅसेटवरूनच फुगवलेली प्रत असेल तर मात्र एच.डी. हे नावापुरतेच! काही ठिकाणी फिल्मचे कण पुसून चित्र इतके गुळगुळीत करतात की नटांचे चेहरे मेणाचे वाटतात. मला ते मुळीच रुचत नाही.

अंधुकपणा गेला की रामदास पाध्ये यांच्या बाहुल्याची कारागिरी दिसू लागते, आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज त्या जबड्याशी किती नेमका जुळतो तेही कळते. पण मला अधिक नवल वाटले ते लक्ष्मीकांत बेर्डे यांचे. त्यांची नजर बाहुल्याच्या डोळ्यांवरून ढळत नाही. ते घाबरतात म्हणून तो जिवंत वाटतो.

"मामा, तू ह्याला भ्यायचास?" धाकट्या भाच्याने विचारले. मी हसलो. त्याच काळात आमच्या वाड्यावर एक एकटी म्हातारी राहत असे. आम्ही पोरे तिला चेटकीण म्हणायचो आणि तिन्हीसांजेला तिच्या दारावरून पळत सुटायचो. मोठ्यांपैकी कुणी आम्हांला दटावल्याचे आठवत नाही. २०१३ साली तात्या विंचू त्रिमितीत परतला. त्याच वर्षी महाराष्ट्रात, असा करणीचा आळ घेऊन माणसाला छळणे गुन्हा ठरवणारा कायदा आला. तोवर ती म्हातारी गेली होती.

भाच्याला मी बाहुल्याचा जबडा कसा हलवतात ते समजावून सांगितले. म्हातारीचे सांगायचे राहून गेले. तिचा चेहरा कसा होता, हे मला आठवत नाही.